एप्रिलमधलं ए-बेसिन: एका दिवसात तीन-चार प्रकारच्या बर्फाची तयारी

गुरुवारी रात्री भाच्याचा मेसेज आला, "मावशी शनिवारी ४८ डिग्री आहे आणि फुल ऊन, मस्त आरामात नऊला निघू ना??" (४८ म्हणजे फॅरनहाइट, साधारण ९ सेल्सियस.) हा आमचा भाचा पुण्याहून बोल्डरला मास्टर्स करायला आलाय, स्कीइंग बऱ्यापैकी जमायला लागलंय त्याला, पण त्याचं सगळं स्कीइंग जानेवारी-फेब्रुवारीतलं, म्हणजे कडाक्याची थंडी, कोरडा भुसभुशीत बर्फ, आणि सकाळी जो बर्फ तोच साधारण संध्याकाळी. मी त्याला विचारलं रात्रीचं तापमान किती आहे, तर म्हणे रात्री कुठे स्की करणार आहोत आपण. म्हटलं बाळा, तू शुक्रवारी मुक्कामालाच ये, मग सांगते.

मी इथे अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला बरीच वर्षं राहते आणि खरं सांगायचं तर मला जानेवारीपेक्षा एप्रिल-मेमधलं स्कीइंग जास्त आवडतं. आमचं ठरलेलं ठिकाण म्हणजे अरापाहो बेसिन, इथे सगळे ए-बेसिनच म्हणतात. १९४६ साली स्थापन झालेलं जुनं रिसॉर्ट, पायथाच १०,७८० फुटांवर आणि वरचं टोक १३,०५० फूट, त्यामुळे आजूबाजूची बरीचशी रिसॉर्ट एप्रिलमध्ये गाशा गुंडाळतात तेव्हा इथे लोक मे-जूनपर्यंत स्की करत असतात. १९९५ साली तर १० ऑगस्टपर्यंत चालू होतं, विचार करा, आपल्याकडे श्रावण लागलेला आणि हे लोक बर्फावर.

तर रात्रीचं तापमान का बघायचं. स्प्रिंगमध्ये (म्हणजे वसंतात) दिवसा बर्फाचा वरचा थर वितळतो, ते पाणी कणांच्या मधे शिरतं, रात्री परत गोठतं, आणि हे लागोपाठ काही दिवस झालं की बारीक कण जाऊन मोठे गोल दाणे तयार होतात. याला सगळे कॉर्न म्हणतात. नीट भिजवून मोकळा झालेला साबुदाणा कसा दिसतो तसे सुटे सुटे दाणे, आणि त्यावरून स्की अशी जाते की सांगायची सोय नाही. पण हे सुख थोडाच वेळ असतं. सकाळी सगळं एकसंध गोठलेलं असतं, मग ऊन लागून वरचा इंचभर थर मोकळा होतो आणि खालचा पक्का राहतो, ती खरी वेळ, आणि मग ऊन अजून आत शिरलं की सगळ्याचा लगदा. आता रात्री नीट गोठलंच नसेल तर हा मधला टप्पा येतच नाही, सकाळपासून लगदाच. म्हणून मी म्हणते दुपारी ४८ आहे का ५२ आहे याने फार तर तासाभराचा फरक पडतो, रात्री २२ आहे का ३६ आहे याने अख्खा दिवस ठरतो. (हे सगळे फॅरनहाइट हं, ३२ ला पाणी गोठतं, २२ म्हणजे उणे साडेपाच सेल्सियस धरा.)

आणि नुसता आकडा बघूनही भागत नाही, रात्री आकाश कसं आहे तेही बघावं लागतं. निरभ्र रात्री बर्फ स्वतःची उष्णता सरळ वर सोडून देतो, इथली हवा तशीही कोरडी, त्यामुळे हवा ३४-३५ दाखवत असली तरी बर्फाचा वरचा थर गोठून कडक होऊ शकतो. उलट रात्रभर ढग असले की ती उष्णता परत खाली येते आणि हवा ३० असली तरी गोठणं अर्धवट राहतं, वर पातळ पापुद्रा आणि खाली ओलं. असा पापुद्रा सगळ्यात वाईट, पाय घालून बघितला की कटकन मोडतो.

शुक्रवारी संध्याकाळी भाचा आला, जेवणं झाली आणि मग आम्ही लॅपटॉप घेऊन बसलो. फोनवरच्या वेदर ॲपमध्ये गावाचं नाव टाकलं की ते तुम्हाला किस्टोन नाहीतर डिलनचं हवामान दाखवतं, ही गावं खाली दरीत, नऊ-साडेनऊ हजार फुटांवर. गंमत अशी की रात्री थंड हवा जड होऊन दरीत साठते, त्यामुळे कधी कधी गावात २५ आणि वर डोंगराच्या मधल्या पट्ट्यात त्यापेक्षा जास्त असं उलटं असतं, म्हणजे गावात गाड्यांच्या काचा गोठल्या म्हणून वर बर्फ गोठलाच असेल असं काही नाही. त्यामुळे मी नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर नकाशा उघडून थेट डोंगरावर क्लिक करते, तिथे कुठल्या उंचीचा अंदाज आहे ते लिहिलेलं असतं, आणि खाली तासातासाचा ग्राफ मिळतो त्यात तापमान, वारा आणि ढग किती टक्के ते सगळं. त्या रात्रीचं दाखवत होतं कमीत कमी २३, ढग पहाटेपर्यंत दहा टक्क्यांच्या आत, वारा बेताचा, आणि दुपारी एकनंतर ढग वाढणार. मग जवळच्या ग्रिझली पीकचं स्नोटेल स्टेशन बघितलं, हे सरकारी ऑटोमॅटिक स्टेशन असतं, बर्फात किती पाणी आहे ते मोजायला लावलेलं, पण तापमानही देतं, आणि हा अंदाज नसतो तर खरंच काय झालं त्याची नोंद असते. आधीच्या तीन रात्री तिथे ३२ च्या खाली गेल्या होत्या. शेवटी कोलोरॅडो ॲव्हलांच (हिमस्खलन) इन्फर्मेशन सेंटरचं पान वाचलं. ते लिहितात रिसॉर्टच्या बाहेर जाणाऱ्यांसाठी, आम्ही आतच राहणार होतो, पण बर्फाची तब्येत कळायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

भाचा म्हणाला, "एवढा अभ्यास मी मिडटर्मला पण करत नाही." ते दिसतंच आहे म्हटलं.

एक घड्याळाची गोष्टही त्याला सांगितली, कारण ही फार कुणी लक्षात घेत नाही. मार्चमध्ये अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे करतात. म्हणजे एप्रिलमध्ये घड्याळात बारा वाजतात तेव्हा उन्हाच्या हिशोबाने अकराच वाजलेले असतात, सूर्य डोक्यावर येतो तो साधारण एक वाजता. त्यामुळे लिफ्ट (डोंगरावर वर नेणाऱ्या खुर्च्या) साडेआठ-नऊला सुरू झाली तरी बर्फाच्या दृष्टीने ती पहाटच असते आणि कडक बर्फ वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ कडक राहतो.

"मग उशिराच जाऊ ना!" बरोबर आहे, लॉजिक बरोबर आहे, पण आय-७० नावाचा रस्ता मधे आहे. शनिवारी सकाळी सातनंतर डेन्व्हरहून निघालात तर सगळं शहर तुमच्या पुढे रांगेत उभं असतं. त्यामुळे सहाला निघायचं, पोचायचं, आणि कडक बर्फ असेल तर असू दे, त्याची तयारी करून जायचं.

आता ही तयारी म्हणजे काय तर मुख्य दोन कामं, कडा (स्कीच्या तळाला दोन्ही बाजूंना असलेल्या स्टीलच्या पट्ट्या) आणि वॅक्स, आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेची आहेत. कडा लागतात सकाळच्या गोठलेल्या बर्फासाठी, वॅक्स लागतं दुपारच्या ओल्या बर्फासाठी. खूप लोक स्प्रिंगमध्ये कडांकडे दुर्लक्ष करतात, म्हणतात आता काय सगळं मऊच असणार. आणि मग सकाळी साडेनऊला अख्खा उतार कुल्ल्यावर बसून उतरतात.

गॅरेजमध्ये आमचं एक टेबल आहे, आधी त्यावर नवऱ्याची सुतारकामाची हौस चालायची, आता माझ्या स्की असतात. भाच्याच्या स्की सेकंडहँड घेतलेल्या, त्याने बहुतेक घेतल्यापासून कडांना हात लावला नव्हता. मी त्याला नखाची टेस्ट दाखवली, अंगठ्याचं नख कडेवर आडवं हलकेच ओढायचं, धार असेल तर नखाची पांढरी पूड कडेवर दिसते. माझ्या स्कीवर पूड आली, त्याच्या स्कीवर नख नुसतं घसरलं. शिवाय बोट फिरवलं तर दगडावर घासून आलेले खरखरीत कंगोरे लागत होते. आधी डायमंड स्टोन ओला करून ते कंगोरे काढले, कारण दगडावर घासलेल्या जागी स्टील कडक होतं आणि त्यावर थेट फाइल मारली तर फाइलच खराब होते. मग गाइडमध्ये (कोन पक्का धरणारा साचा) फाइल बसवून बाजूची कड २ डिग्रीवर, टोकाकडून शेपटीकडे, दाब न देता लांब हात. बारीक चंदेरी कीस पडायला लागला की समजायचं फाइल काम करतेय. मग परत डायमंड स्टोन, आणि शेवटी गमी स्टोन टोकाला आणि शेपटीला जरासा, म्हणजे तिथे स्की उगाच अडकत नाही. खालच्या बाजूची कड घरी घासू नये असं माझं मत आहे, एकदा ती जास्त गेली की परत आणायला सगळा बेस, म्हणजे स्कीचा तळ, ग्राइंड करावा लागतो, ते दुकानात द्यावं.

मग वॅक्स. ओल्या बर्फात अडचण अशी की स्की आणि बर्फाच्या मधे पाण्याचा थर जरा जास्तच होतो आणि तो स्कीला खाली ओढून धरतो. थोडं पाणी हवं, त्यावरच स्की घसरते, पण जास्त झालं की चिकटली. त्यासाठी गरम हवेचं मऊ वॅक्स असतं, मी वापरते ते पिवळं. पूर्वी या वॅक्समध्ये फ्लोरिन असायचं, पाणी अगदी झटकून टाकायचं, पण ती रसायनं शरीरात आणि पाण्यात वर्षानुवर्षं राहतात म्हणून एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघ) २०२३-२४ च्या सीझनपासून रेसिंगमध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. आपल्याला कुठे रेस जिंकायचीय, साधं हायड्रोकार्बन वॅक्स पुरतं. इस्त्री गरम करायची, धूर यायला लागला तर जास्त गरम आहे, वॅक्सचे थेंब स्कीभर टाकायचे, इस्त्री हलती ठेवून पसरवायचं, एका जागी थांबलात तर बेस जळतो. मग निदान अर्धा तास थंड होऊ द्यायचं. आम्ही तोवर चहा केला. मग प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने जवळजवळ सगळं खरवडून काढायचं आणि ब्रश मारायचा. भाच्याला हे पटेना, एवढं लावलं आणि काढून टाकायचं? पण काम करतं ते बेसच्या आत मुरलेलं वॅक्स, वर राहिलेला थर उलट ओढतो. आणि ब्रश नीट मारला की बेसवरच्या बारीक उभ्या रेषा मोकळ्या होतात, त्यातून पाणी मागे निघून जातं. स्प्रिंगमध्ये मला तर वॅक्सपेक्षा त्या रेषांचाच जास्त उपयोग वाटतो.

पण इथेच एक गोची आहे. हे मऊ वॅक्स सकाळच्या गोठलेल्या खरखरीत बर्फावर भराभर झिजतं, म्हणजे नेमकं दुपारी हवं तेव्हा संपलेलं. म्हणून खिशात पेस्ट वॅक्सची डबी ठेवायची, जेवणाच्या वेळी स्की पुसून हाताने चोळायचं, पाच मिनिटांचं काम.

कपड्यांचं फार लिहीत नाही. सकाळी २५ आणि दुपारी ४८, त्यामुळे एक जाड जॅकेट नको, पातळ मेरिनो, मधे एक पातळ थर, वर वारा अडवणारं शेल, काखेत चेन असलेलं. कॉटन अजिबात नको. ग्लोव्ह्जचे दोन जोड, कारण पातळ जोड दुपारी चिंब होतो. गॉगलच्या दोन लेन्स, एक गडद आणि एक ढगाळ हवेची, ही दुसरी लेन्स लोक घरी ठेवतात कारण अंदाजात सूर्याचं चित्र असतं. सनस्क्रीन मात्र नीट लावा बाबांनो. दर हजार मीटरला यूव्ही साधारण १० टक्के वाढतं आणि वरून बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो, त्यामुळे ऊन खालूनही लागतं, नाकाच्या खाली, हनुवटीच्या खाली, कानाच्या पाळीला. आपण सावळे, आपल्याला काय होतंय असं म्हणणारे माझ्या ओळखीचे बरेच आहेत आणि सगळ्यांच्या नाकाची सालं निघालेली मी बघितली आहेत.

खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. नवरा स्की करत नाही, पण दशम्या तो करतो, आणि माझ्यापेक्षा चांगल्या करतो.

सकाळी सहाला निघालो. गाडीत बसता बसता ताईचा फोन, तिकडे संध्याकाळचे साडेपाच, "पोरगा पडणार-बिडणार नाही ना गं?" ताई, पडल्याशिवाय येतं का हे. आय-७० वर ३१ मेपर्यंत टायरचा नियम असतो, ट्रेडची खोली ३/१६ इंच तरी हवी, ते मी आधीच बघून ठेवलेलं. रस्ता कोरडा होता, पण हायवेवरच्या टनेलच्या आधी लव्हलँड पासला वर वळलो आणि तिथे हळू घेतलं. ११,९९० फुटांवरची खिंड, नागमोडी वळणं, आणि आदल्या दुपारी कडेचा बर्फ वितळून रस्त्यावर वाहिलेलं पाणी रात्री गोठलेलं असतं, सावलीतल्या वळणावर ते दिसतही नाही. भाच्याला म्हटलं हे बघ, जे रस्त्यावर झालंय तेच उतारावर झालंय, आपला अंदाज बरोबर निघाला.

पार्किंगमध्ये पहिली रांग उताराला अगदी लागून असते, तिला बीच म्हणतात, तिथे लोक साडेसातलाच ग्रिल आणि खुर्च्या मांडून बसलेले. काही जण दिवसभर तिथून उठत नाहीत. बूट मी गाडीत पायापाशी हीटरच्या हवेत ठेवते, थंड बूट इतका कडक असतो की पाय घालताना जीव जातो. पण उलटंही लक्षात ठेवा, दुपारी गरम हवेत बुटाचं प्लॅस्टिक सैल पडतं, तेव्हा बकल एक खाच घट्ट करावं लागतं.

पहिली लिफ्ट, ब्लॅक माउंटन. ग्रूमरने रात्री मशीन फिरवून पाडलेल्या बारीक रेषा जशाच्या तशा गोठलेल्या, त्यावरून जाताना पायापासून दातापर्यंत सगळं थरथरतं आणि आवाज इतका की मागून कोण येतंय कळत नाही. ग्रूमरने फिरवलेली जागा सोडून बाजूला गेलं तर कालच्या दुपारच्या चाकोऱ्या आणि ढेकळं आहेत तशी गोठलेली, तिकडे पायच टाकायचा नाही. भाच्याला सांगितलं वळताना एकदम दाब टाकू नको, हळू वाढव, आणि दोन्ही पाय एकमेकांपासून जरा लांब ठेव. धार लावलेल्या स्कीने दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला त्याचा चेहराच बदलला. "मावशी हे धरतंय!" धरणारच, दोन तास फाइल मारलीय. मात्र अशा बर्फावर मी फार वेळ काढत नाही. थोडे राउंड झाले की मिड-माउंटनला बसून कॉफी, लोकांना वाटतं वेळ वाया जातोय, मला वाटतं गुडघे वाचतायत.

आता पुढचा सगळा खेळ कुठला उतार कुठे तोंड करून आहे त्याचा. पूर्वेकडे तोंड असलेल्या उताराला ऊन आधी लागतं, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा, आणि उत्तरेचा सगळ्यात शेवटी, कधी कधी तो अख्खा दिवस हिवाळ्यातच राहतो. ए-बेसिनला पुढच्या बाजूचा बराचसा भाग उत्तरेकडचा आणि मागच्या बाजूला मॉन्टेझुमा बोल (वाटीसारखा उतार) आहे, २००८ च्या सुमारास लोकांना खुला झालेला, त्याचं तोंड दक्षिणेला. म्हणजे आधी मागे, मग पुढे. इतकं सोपं. तरी लोक दिवसभर एकाच लिफ्टवर बसून आज बर्फ काही खास नाही म्हणत असतात.

मागे कधी जायचं हे कसं ठरवायचं? साडेदहाला लेनावी लिफ्टने वर गेलो, कडेला उभं राहिलो आणि मी स्कीचा पोल (काठी) उलटा करून त्याची मूठ बर्फावर आपटून बघितली, ठक्क. अजून नाही. वाराही होता जरासा, आणि वारा असला की ऊन असूनही वरचा थर गार राहतो, कोरड्या वाऱ्याने बाष्प उडतं त्यातही उष्णता जाते. मग पुढच्याच बाजूला उन्हातल्या एका रनवर (स्की करत उतरायची वाट) दोन फेऱ्या मारल्या आणि सव्वाअकराला परत वर. या वेळी पोलचं टोक दोन-तीन सेंटिमीटर आत गेलं आणि मग खाली पक्कं लागलं. हीच खूण. टोक आत जाऊनही खाली काही लागत नसेल तर उशीर झालेला असतो.

पुढचा तास-सव्वातास काय सांगू. स्कीच्या मागे दाणे सुर्रर्र करत घरंगळत होते, वळायला ताकद लागत नव्हती, इतर वेळी ज्या उताराला भाचा वरून नमस्कार करून परत फिरतो तो त्याने तीनदा केला. बर्फावर मधे मधे तांबूस-तपकिरी पट्टे दिसत होते. ही धूळ आहे, कोलोरॅडो प्लॅटोच्या वाळवंटातून वाऱ्याबरोबर येऊन दर स्प्रिंगला या डोंगरांवर बसते. पांढरा बर्फ बहुतेक ऊन परत फेकतो, मळलेला बर्फ ते शोषून घेतो, त्यामुळे हे पट्टे आजूबाजूच्या आधी मऊ होतात आणि आधी बिघडतात. मी त्यांना कडेकडेने टाळते, पांढऱ्यावरून मळक्यावर गेलं की स्कीचा वेग एकदम पडतो आणि अंग पुढे जातं.

साडेबाराच्या सुमाराला लिफ्टवरून बघितलं तर खडकांच्या खालच्या तीव्र उतारावर बर्फाचे छोटे गोळे आपोआप सुटून गुंडाळत खाली येत होते, मागे रेघ सोडत. मॉन्टेझुमा बोलच्या झुमा लिफ्टच्या खालच्या सपाटीला बूट घोट्यापर्यंत जात होता. भाच्याचं सुरू, "अजून एक, मावशी, शेवटचा." नाही म्हणजे नाही. ते गोळे म्हणजे वरचा थर पाण्याने भरत चालल्याची खूण आहे. रिसॉर्टच्या आत स्की पॅट्रोलवाले (सुरक्षा बघणारे) लक्ष ठेवून असतात, फार ओलं झालं की रन बंदच करतात, पण त्यांनी दोरी लावायची वाट कशाला बघायची. २० मे २००५ ला याच डोंगरावर, पुढच्या बाजूला पलाविचिनीच्या भागात, रिसॉर्टच्या हद्दीत, ओल्या बर्फाची ॲव्हलांच येऊन एक स्कीअर गेला होता. तेव्हापासून इथले जुने लोक स्प्रिंगमध्ये सकाळी भेटल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो रात्री गोठलं का हाच. भाच्याला हे सांगितल्यावर तो गप्प बसला आणि मुकाट्याने माझ्या मागे आला.

खाली येऊन दशम्या खाल्ल्या, स्की पुसल्या. बेसवर काळपट चिकट थर आला होता, जुना बर्फ वितळला की त्यातली घाण वर राहते ती. फडक्याने काढून पेस्ट चोळली. शेजारच्या गाडीवाल्यांनी ग्रिलवरचे सॉसेज देऊ केले, आम्ही त्यांना दशमी आणि चटणी दिली, त्यांना चटणी जरा जास्तच आवडली आणि मग पाणी पीत बसले.

दुपारी पलाविचिनी. तीव्र आहे, भाच्याला पूर्ण झेपणारा नाही, म्हणून त्या लिफ्टवरच्या सोप्यातल्या सोप्या वाटेने त्याला आणला. उत्तरेकडचा उतार, सकाळी इकडे आलो असतो तर मोगल्सचा (उतारावरचे बर्फाचे उंचवटे) नुसता दगड असता, आता वरचा थर जेमतेम मऊ झालेला आणि सावलीच्या बाजूला तर कोरडाच. इथे फक्त एक सांभाळायचं, सावलीतून उन्हात जायची रेषा. सावलीत स्की सुसाट, उन्हात पाय ठेवला की चिकटते, म्हणून रेषा यायच्या आधीच गुडघे वाकवून वजन पायाच्या मधोमध आणायचं, एक पाय किंचित पुढे. मागे झुकलात तर मांड्या पेटतात आणि पुढे झुकलात तर तोंडावर. भाचा एकदा तोंडावर पडला, सनस्क्रीनवर बर्फाचा लेप, फोटो ताईला पाठवायचा नाही या अटीवर उठला.

दीड-पावणेदोनला ढग आले, अंदाजात होते तसेच. आणि हा दिवसातला चौथा बर्फ. सूर्य झाकला गेला आणि अगदी पंधरा-वीस मिनिटांत उन्हात लगदा झालेल्या रनवर पापुद्रा धरायला लागला, खाली ओलं आणि वर कडक, स्कीचं टोक एकीकडे अडकतं आणि पाय दुसरीकडे जातो. प्रकाशही सपाट झाला, खड्डा कुठे उंचवटा कुठे कळेना. लेन्स बदलली आणि हिरव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या, रनने सरळ खाली. गुडघे जातात ते अशाच वेळी, तीव्र उतारावर जोरात पडून नाही, तर दमलेल्या पायांनी सपाटीवर हळूच मुरगळून. दोन वाजता बूट काढले. लिफ्ट अजून दोन तास चालू होती, तिकिटाचे पैसे वसूल करायला थांबलेले बरेच होते, थांबोत.

घरी आल्यावरचं काम भाच्याला सगळ्यात जास्त कंटाळवाणं वाटलं, पण ते त्याच दिवशी करायला लागतं. स्की ओल्या पिशवीत राहिल्या तर एका रात्रीत कडांवर गंज दिसतो, हिवाळ्यात त्या कोरड्याच येतात म्हणून सवय नसते. जुन्या बनियनच्या फडक्याने कडा आणि बाइंडिंग पुसून घेतले आणि बुटातले लायनर बाहेर काढून पंख्यासमोर ठेवले. हेअर ड्रायर मारू नका, लायनरचा फोम उष्णतेने बदलतो आणि मग बूट चावतो. पंख्यासमोर एक रात्र पुरते, तळ अजून दमट लागला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे.